ओळखलं म्हणजे केलं का?

आठवीतली गोष्ट आहे. मी अकोल्याला कॉन्व्हेंटमध्ये होते. गॅदरिंगची वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे, कारण मी मॉनिटर. एक हजार चारशे रुपये, खाकी पाकीट, त्याला हिरवा रबर बँड. पाकीट मीच टीचरच्या टेबलाच्या खणात ठेवलं. मधली सुट्टी संपली आणि पाकीट गायब! टीचरनी एकेकीला उभं करून विचारलं. माझा नंबर आला तेव्हा माझे कान लाल झाले होते, तळहात ओले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. "व्हाय आर यू स्वेटिंग?" त्या एवढंच म्हणाल्या. पण वर्गाचा निकाल तिथंच लागला. पुढचे चार दिवस मी डबा एकटीने खाल्ला. पाचव्या दिवशी पाकीट ऑफिसच्या कपाटात दुसऱ्याच एका रजिस्टरमध्ये सापडलं. कोणीतरी सांभाळून ठेवलं आणि विसरून गेलं होतं. सगळ्यांसाठी विषय संपला.

तेव्हा घरी आजीजवळ रडले तर ती म्हणाली, "अवं माय, चोराले कायचा घाम येते? घाम येते तो अब्रूवाल्याले."

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे मागच्या सेमिस्टरचं एक लेक्चर. सिग्नल प्रोसेसिंगच्या तासाला सरांनी उदाहरण म्हणून ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख दाखवला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, यानं चोर पकडता येते म्हणते ना?" सर हसले, म्हणाले, "म्हणतात तसं," आणि पुढच्या स्लाइडवर गेले. सिलॅबसमध्ये नव्हतं ना! पण माझ्या डोक्यात तो प्रश्न अडकून बसला. त्या दिवशी टीचरजवळ असं यंत्र असतं, तर मी सुटले असते का?

आधी जुन्या यंत्राकडे बघू. पॉलिग्राफ, ज्याला आपण लाय डिटेक्टर म्हणतो. नाव भारदस्त असलं तरी आतला मामला आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमधलाच आहे. छातीभोवती श्वास मोजणारा पट्टा, दंडाला रक्तदाबाचा कफ आणि बोटांना घामामुळे बदलणारा त्वचेचा विद्युतरोध मोजणारे इलेक्ट्रोड. १९२१ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या पोलीस खात्यातल्या जॉन लार्सन यांनी श्वास आणि रक्तदाब एकाच पट्टीवर सलग नोंदवणारं यंत्र वापरायला सुरुवात केली. पुढे त्यात घामाची भर पडली. यातला एकही सेन्सर खोटेपणा मोजत नाही हे लक्षात घ्या. घामावरून भीती, आणि भीतीवरून खोटं, हा अंदाज शेवटी समोर बसलेला तपासनीसच करतो. आमच्या टीचरनी मशीनशिवाय तेच केलं.

भित्रा निर्दोष अडकतो, आणि थंड डोक्याचा गुन्हेगार सुटतो. अमेरिकेच्या सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत रशियाला गुपितं विकत होता. त्या काळात, १९८६ आणि १९९१ मध्ये, त्याने खात्याची पॉलिग्राफ चाचणी दोनदा पार केली. २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने पॉलिग्राफचा सविस्तर आढावा घेतला, आणि सरसकट कर्मचाऱ्यांची छाननी करण्याएवढी ही चाचणी भरवशाची नाही असा निष्कर्ष काढला.

आपल्याला यात नवीन काही वाटायचं कारण नाही. मराठी मुलखात पूर्वी वतनाच्या भांडणात साक्षी-पुराव्याने निकाल लागला नाही की माणसाला 'दिव्य' करायला लावत. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढायचा. मग हात पिशवीत बांधून वर मोहोर लावायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. हात भाजला नसेल तर माणूस खरा! "दिव्य करणे" हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो, सबमिशनच्या आठवड्यात तर रोजच. पण कढईतल्या तेलाला वतनातलं काही कळत नव्हतं, तसंच पॉलिग्राफच्या कफला चोरीतलं काही कळत नाही. दोघांनाही कातडी तेवढी समजते.

आता नवीन यंत्र. खरं तर इथं दोन वेगळ्या गोष्टी बदलल्या आहेत, आणि आपण त्या नेहमी एकत्र करतो. एक म्हणजे सेन्सर बदलला. दुसरी म्हणजे प्रश्न बदलला. माझ्या मते खरी सुधारणा प्रश्नात आहे.

१९५९ मध्ये डेव्हिड लिकेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती मांडली. संशयिताला "तू चोरी केलीस का?" असं विचारूच नका. त्याला ऑब्जेक्टिव्ह पेपर द्या. रबर बँडचा रंग कोणता? लाल, पिवळा, हिरवा, निळा, काळा. ज्याने पाकीट उचललं त्याचं शरीर 'हिरवा' ऐकल्यावर दचकेल. ज्याला काहीच माहीत नाही त्याला पाचही रंग सारखे. तो घाबरट असला तरी पाचही ठिकाणी सारखाच घाबरेल! असे सहा प्रश्न, प्रत्येकी पाच पर्याय काढले, तर अनभिज्ञ माणूस निव्वळ योगायोगाने सहाही ठिकाणी बरोबर पर्यायावर सर्वांत जास्त दचकण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक. भीतीचा प्रश्न बाजूला पडला, ओळखीचा प्रश्न पुढे आला. ही पद्धत पॉलिग्राफच्या सेन्सरवरही चालते. जपानचे पोलीस गेली अनेक वर्षं ती वापरतात.

मग सेन्सर डोक्यावर का न्यायचा? १९६५ मध्ये सॅम्युअल सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या लहरींमध्ये एक उंचवटा शोधला. बऱ्याच बिनमहत्त्वाच्या गोष्टींच्या रांगेत एखादी महत्त्वाची, ओळखीची गोष्ट दिसली की साधारण ३०० मिलीसेकंदांनी किंवा थोडं उशिरा मेंदू धन दिशेचा एक टेकाड दाखवतो. म्हणून त्याचं नाव पी-३००. गर्दीच्या बडनेरा स्टेशनवर शंभर चेहरे बघता बघता आपल्या मावशीचा चेहरा दिसला की आत जे "अरे!" होतं ना, साधारण ते. लॉरेन्स फार्वेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन यांनी १९९१ मध्ये २० जणांवर हेरगिरीचं नाटक रचून याचा प्रयोग केला. ज्या चाचण्यांचा निकाल लागला त्यात एकही चूक झाली नाही, मात्र साडेबारा टक्के चाचण्यांत यंत्राने "सांगता येत नाही" असं उत्तर दिलं. मला तर यातलं तेच उत्तर सर्वांत जास्त आवडलं. जे यंत्र "सांगता येत नाही" म्हणू शकतं त्यावर थोडा तरी विश्वास ठेवता येतो.

इथं आपला अभ्यास कामी येतो. हा उंचवटा दहा मायक्रोव्होल्टच्या आसपासचा. मेंदूचा बाकीचा गोंगाट त्याहून कितीतरी मोठा, आणि डोळ्याची एक पापणी लवली की शंभरेक मायक्रोव्होल्टचा झटका बसतो. म्हणून एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवून सरासरी काढावी लागते. गोंगाट ३० मायक्रोव्होल्ट धरला आणि ३६ वेळा सरासरी घेतली, तर वर्गमूळाच्या नियमाने तो ५ वर येतो आणि उंचवटा वर डोकावतो. कोणत्या नोंदी पापणीमुळे टाकून द्यायच्या, फिल्टर कुठे लावायचा, किती उंचीला 'ओळखलं' म्हणायचं, हे सगळं कोणीतरी माणूस ठरवतो. टीव्हीवर दाखवतात तसं डोक्याला टोपी घातली आणि पडद्यावर 'खुनी' असं लाल अक्षरात आलं, असं काही होत नाही. शिवाय शिकवून ठेवलेला माणूस या यंत्रालाही गंडवू शकतो. २००४ मध्ये पीटर रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बिनमहत्त्वाच्या चित्रांवरही गुपचूप बोट दाबणं, अंगठा हलवणं असं काहीतरी करत राहिलं की तीही चित्रं मेंदूला 'महत्त्वाची' होतात आणि फरक पुसट होतो.

तरीही, दोन्हींपैकी एकच निवडा म्हटलं तर मी बिनदिक्कत मेंदूच्या लहरी निवडीन. निदान तिथं प्रश्न तरी शहाणा आहे.

आता मात्र मला पुन्हा आठवीच्या वर्गात जायचं आहे. समजा त्या दिवशी हे यंत्र होतं. माझ्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले. पडद्यावर एकेक शब्द आला. लाल, पिवळा, हिरवा... आणि 'हिरवा'ला माझा पी-३०० टेकडीसारखा उभा राहिला. रक्कम? १४०० ला पुन्हा टेकडी. जागा? टेबलाच्या खणाला पुन्हा टेकडी. यंत्र शंभर टक्के बरोबर! कारण नोटा मी मोजल्या होत्या, रबर बँड मी लावला होता, पाकीट मी ठेवलं होतं. माझ्या मेंदूत सगळी माहिती होती. फक्त चोरी तेवढी नव्हती. घामाने मला संशयित ठरवलं, मेंदूच्या लहरींनी तर सरळ गुन्हेगारच ठरवलं असतं. तेही विज्ञानाच्या नावाने, म्हणजे अपील करायचीही सोय नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, मित्रांनो. हे यंत्र फार तर 'माहीत आहे' एवढं सांगतं. 'कसं माहीत आहे' हे सांगत नाही. चोराला माहीत असतं, तसं मालकाला माहीत असतं, साक्षीदाराला असतं, आणि चार दिवस ज्याला पोलीस ठाण्यात बसवून तेच तेच विचारलं त्यालाही असतं.

हा नुसता शाळेतला मामला असता तर मी लेख लिहिला नसता. हा प्रसंग आपल्या महाराष्ट्रात, पुण्यात, एका खऱ्या खटल्यात घडला आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एमबीएच्या एका विद्यार्थिनीला आणि एका तरुणाला जन्मठेप सुनावली. २००७ मध्ये तिने आपल्या आधीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक दिलं असा आरोप होता. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा वाद माणसांशी नसून पद्धतीशी आहे. इतर पुरावेही मांडले गेले होते. पण निकालपत्रात 'बिऑस' चाचणीला वेगळं वजन मिळालं, आणि त्यामुळे हा खटला जगभर गाजला.

बिऑस म्हणजे ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर. बंगळूरच्या निमहान्स या नामांकित संस्थेत काम केलेले चंपदी रामन मुकुंदन यांनी ती तयार केली. मुंबईच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत ती चाचणी झाली. डोक्यावर ३२ इलेक्ट्रोड, माणूस डोळे मिटून गप्प बसलेला, आणि "मी अमुक ठिकाणी भेटले", "मी विष घेतलं" अशा धर्तीची वाक्यं एकामागून एक ऐकवायची. उत्तर द्यायचंच नाही. पी-३०० च्या चाचणीपेक्षा हिचा दावा एक पायरी वरचा आहे. माणसाला गोष्ट नुसती माहीत आहे की त्याने ती स्वतः अनुभवली आहे, हा फरकसुद्धा आपलं सॉफ्टवेअर ओळखतं, असं ती म्हणते.

बघा, माझी सगळी तक्रार ज्या प्रश्नावर आहे, त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा हा दावा आहे. खरा असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण एवढा मोठा दावा करताना प्रयोगाचे आकडे खुले हवेत, दुसऱ्या लॅबने तो करून बघायला हवा. परदेशातल्या आणि आपल्याकडच्या तज्ज्ञांनी नेमकं हेच विचारलं. २००८ मध्येच निमहान्सचे तेव्हाचे संचालक डॉ. डी. नागराजा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही पद्धत शास्त्राच्या कसोटीवर उतरलेली नाही, पुरावा म्हणून तिचा वापर होऊ नये असं मत दिलं. आणि आठवणीचं म्हणाल तर एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकातच दाखवून दिलं की न घडलेली गोष्टसुद्धा, घरच्यांचा हवाला देऊन पुन्हा पुन्हा सांगितली, तर काही लोकांना 'आठवायला' लागते. मग महिनोन्महिने चौकशीत जी वाक्यं कानावर आदळली, ती ऐकताना मेंदूत काय उमटतं? केलेल्या कृत्याची आठवण, चौकशीची आठवण, की नुसती कल्पना? २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीची शिक्षा स्थगित करून तिला जामीन दिला. मधले दिवस मात्र तुरुंगातच गेले.

उलट बाजूचं उदाहरणही देते, नाहीतर मी एकांगी ठरेन. अमेरिकेत टेरी हॅरिंग्टन हा १९७८ पासून खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता. २००० मध्ये फार्वेल यांनी त्याची चाचणी केली आणि सांगितलं, गुन्ह्याच्या जागेचे तपशील याच्या मेंदूत नाहीत. २००३ मध्ये तो सुटला. ब्रेन फिंगरप्रिंटिंगची जाहिरात करणारे हे उदाहरण नेहमी देतात. पण आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली ती मेंदूच्या आलेखावरून नव्हे. दुसऱ्या संशयिताबद्दलचे पोलिसांचे कागद बचाव पक्षाला दिले गेलेच नव्हते, हे उघड झालं म्हणून. म्हणजे शेवटी माणूस सुटला तो साध्या कागदांमुळे!

आपल्याकडे कायदा आज कुठे आहे? ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी, तिन्ही गोष्टी कोणावरही जबरदस्तीने करता येणार नाहीत. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि तोंड बंद ठेवून मेंदूतून उत्तर काढणं हीसुद्धा साक्षच. माणूस स्वखुशीने तयार झाला तरी चाचणीचा निकाल हा स्वतः पुरावा होत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली, तर तिचा विचार होऊ शकतो. जून २०२५ मध्ये अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात न्यायालयाने जबरदस्तीच्या नार्कोबद्दल हेच पुन्हा बजावलं. पंधरा वर्षांनी तेच पुन्हा सांगावं लागतं, यातच काय ते आलं. चाचण्या काही थांबलेल्या नाहीत. २०२० मध्ये हाथरसच्या प्रकरणात आरोपींना गांधीनगरला नेऊन पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी झाली. २०२२ मध्ये वसईच्या तरुणीच्या दिल्लीतल्या खुनाच्या तपासात पॉलिग्राफ आणि नार्को झाली, आणि आपण सगळ्यांनी ती न्यूज चॅनेलवर मॅचसारखी बघितली.

यावर एक आक्षेप हमखास येतो. माझ्या रूममेटनेच घेतला. "मग काय, पोलिसांनी मारूनच विचारायचं का? त्यापेक्षा टोपी घातलेली काय वाईट?" प्रश्न चुकीचा नाही. दंड्यापेक्षा इलेक्ट्रोड बराच. पण ज्याच्या मागे कोठडी आहे त्याची 'संमती' किती स्वखुशीची असते? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्येच पॉलिग्राफसाठी नियम सांगितले होते. संमती मॅजिस्ट्रेटसमोर घ्या, वकील द्या, चाचणीचा कायदेशीर अर्थ समजावून सांगा. पुण्याच्या खटल्यातल्या मुलीनेही चाचणीला होकार दिला होता. नकार देणाऱ्याची गंमत तर वेगळीच. तो "नाही" म्हणाला की लोक म्हणतात, "पाहा, काहीतरी लपवून रायला!" हो म्हटलं तर यंत्र बोलणार, नाही म्हटलं तर गाव बोलणार.

दुसरा आक्षेप आपल्या इंजिनिअर लोकांचा. अॅक्युरसी वाढली की झालं! चला, हिशोब करू. आमच्या होस्टेलमध्ये समजा २०० मुली आहेत आणि चोर एकच. यंत्र ९० टक्के अचूक आहे असं धरा, म्हणजे दहा वेळा एकदा चुकतं. सगळ्यांना तपासलं तर चोर बहुतेक सापडेल. पण उरलेल्या १९९ पैकी साधारण २० जणींवरही लाल दिवा लागेल. म्हणजे २१ लाल दिव्यांमागे चोर एक! लाल दिवा लागलेली मुलगी खरंच चोर असण्याची शक्यता शंभरात पाचसुद्धा नाही. नव्वद टक्के मार्कांचं यंत्र आणि असा निकाल. प्रोबॅबिलिटीच्या पेपरात आपण हे गणित सोडवतो, पाच मार्क घेतो आणि बाहेर आलो की विसरतो.

मग हे यंत्र फेकून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. मला वाटतं ते चार अटींवर ठेवावं. पहिली, गुन्ह्याचे काही तपशील पोलिसांनी तपास संपेपर्यंत कुलपात ठेवावेत. संध्याकाळच्या बातम्यांत चाकूचा रंगसुद्धा सांगून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ओळखीची चाचणी घेणं म्हणजे पेपर फोडून परीक्षा घेणं. दुसरी, चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञाला बरोबर उत्तर कोणतं हे माहीत नसावं, आणि कच्चा डेटा बचावाच्या वकिलाला मिळावा. तिसरी, सॉफ्टवेअर कोणत्या नियमाने निर्णय देतं हे उघड असावं. 'कंपनीचं गुपित' हे कारण कॅल्क्युलेटरला चालेल, जन्मठेपेला नाही. आणि चौथी, "मला ही चाचणी द्यायची नाही" असं म्हणणाऱ्याचा नकार त्याच्याविरुद्ध मोजू नये.

आपल्या अमरावतीतही न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. आपल्यातले काही जण उद्या अशा लॅबमध्ये नोकरीला लागतील, काही जण अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत कोड लिहितील. 'ओळखलं' म्हणायची रेघ किती मायक्रोव्होल्टवर मारायची, हे तुमच्या-माझ्यासारखंच कोणीतरी एखाद्या कंटाळवाण्या दुपारी ठरवणार आहे. रिपोर्टमध्ये मात्र 'यंत्राने ठरवले' असं छापून येईल.

शेवटी एक कबुली देऊन थांबते. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावरचा एका मुलीचा मोबाइल गेला. संशय सरळ मेसमध्ये काम करणाऱ्या ताईवर गेला. ती धारणीकडची, घरी कोरकू बोलणारी, मराठी जेमतेम. आम्ही सात-आठ जणींनी तिला घेरून विचारलं. ती काही बोलेना, पदर तोंडाला लावून नुसती खाली बघत राहिली. हात थरथरत होते. कोणीतरी फोनवर लाय डिटेक्टरचं अॅप काढलं आणि तिला स्क्रीनवर अंगठा ठेवायला लावला. असल्या अॅपमध्ये काही नसतं, निव्वळ खेळणं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी त्याने लाल दाखवलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. आणि "तिचा चेहराच सांगतोय" हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. माझ्या! जिने चार दिवस एकटीने डबा खाल्ला होता तिच्या!

मोबाइल अजून सापडलेला नाही. कोणी नेला ते आम्हाला माहीत नाही. ताई दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही, तिचा महिन्याचा पगार घ्यायलासुद्धा नाही. आता मेसमध्ये दुसऱ्या काकू आहेत. आम्ही त्यांच्याशी फार गोड बोलतो.

दिवाळीत अकोल्याला गेले तेव्हा आजीला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुले तं माहीत होतं नं वं, घाम काहून येते ते."

माहीत होतं. तेवढं मात्र कुठल्याही मशीनने माझ्या डोक्यातून बरोबर ओळखलं असतं.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स